घाटावरील गोंगाट आणि ध्यानाचे संगीत

नर्मदेच्या तीरावर ध्यानास बसणाऱ्या माणसाच्या कानी जलप्रवाहाचा गंभीर नाद आणि एखाद्या दूरस्थ मंदिरातील घंटेचा क्षीण झंकार यांवाचून दुसरे काही पडत नसावे, अशी जी समजूत मुंबई-पुण्याच्या सदनिकांतून डोळे मिटून ध्यानसंगीत ऐकणाऱ्या सज्जनांच्या ठिकाणी दृढमूल झालेली असते, तिचा जबलपूरच्या ग्वारीघाटाशी फारसा संबंध नाही. जागत्या तीर्थाचा स्वभावच मुळी गलबल्याचा. नारळ-अगरबत्तीवाल्यांच्या आरोळ्या, पानांच्या द्रोणांतून दिवे विकणाऱ्या पोरांची गिऱ्हाइकांशी चाललेली घासाघीस, पात्रात मधोमध उभ्या असलेल्या नर्मदेच्या लहानशा देवळाकडे भाविकांना घेऊन जाणाऱ्या नावाड्यांच्या हाका, भंडाऱ्याच्या पंगतींचा कोलाहल, परिक्रमावासीयांचे परस्परांना ‘नर्मदे हर’, पलीकडच्या तीरावरील गुरुद्वारातून पाण्यावरून तरंगत येणारे कीर्तन, आणि सायंकाळच्या आरतीच्या वेळी शंख, झांजा व डमरू या सर्वांवर कडी करणारे ध्वनिवर्धक, असा हा चोवीस तासांपैकी वीस तासांचा खाक्या आहे. २०१५ साली ती कायमची बंद होईपर्यंत गोंदियाकडे जाणाऱ्या छोट्या रुळांच्या गाडीची शीळही त्यात मिसळत असे.

हे मी तक्रारीच्या सुरात लिहीत नाही. ध्यानधारणेस बसणाऱ्यांसाठी आणि उपचारकक्षांतून पहुडलेल्या रुग्णांसाठी मंद, शांत संगीत मुद्रित करून देणे हा माझा उदरनिर्वाहाचा व्यवसाय असून, त्या व्यवसायाचा पुष्कळसा कच्चा माल मी कॅसेटींच्या जमान्यापासून याच घाटावरून उचलीत आलो आहे. आमचे घराणे मूळचे नागपूरचे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची फेररचना होऊन नागपूर मुंबई राज्यात गेले आणि नव्या मध्यप्रदेशाचे उच्च न्यायालय जबलपुरास आले, तेव्हा त्या न्यायालयाच्या दफ्तराबरोबर जे कारकून आपापली बिऱ्हाडे घेऊन इकडे दाखल झाले त्यांत माझे आजोबा होते. आणि त्यांनी बरोबर आणलेल्या चीजवस्तूंत, आजीच्या आग्रहावरून, मिरजेचा एक तंबोरा होता. गोलबाजारातील दत्तमंदिरात आजी भजनाला जाई ती तो तंबोरा घेऊनच, आणि तो उचलण्याचे काम नातवाकडे असे. संगीताच्या क्षेत्रातील माझा प्रवेश हा असा हमालीच्या दरवाजाने झालेला आहे, हे येथे नमूद करून ठेवतो.

ज्या शहरात मी हा धंदा करतो त्याचा या प्रकारच्या संगीताशी असलेला संबंध केवळ नदीपुरता नाही. आचार्य रजनीश हे १९६६ पर्यंत येथील महाकोशल महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकवीत असत, आणि भँवरताल उद्यानातील मौलश्रीच्या, म्हणजे आपल्या बकुळीच्या, झाडाखाली २१ मार्च १९५३ रोजी आपणास बोध झाला असे ते पुढे सांगत. १९७० साली ते मुंबईस गेले, १९७४ साली पुण्यास. आणि पुण्याच्या आश्रमात डॉयटर नावाचा एक जर्मन वादक, ज्याचे नाव तेथे चैतन्य हरि असे ठेवण्यात आले, त्यांच्या ध्यानप्रयोगांसाठी संगीतरचना करू लागला. त्या संप्रदायाविषयी माझे मत विशेष अनुकूल नाही, आणि आमच्या आजोबांचे तर मुळीच नव्हते. परंतु कारागिराने कारागिराचे काम पाहावे, त्याच्या मालकाचा हिशेब तपासू नये. तासाभराच्या ‘कुंडलिनी’ ध्यानाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे चार टप्पे असून पहिल्या तिहींना संगीत आहे आणि चौथ्याला ते नाही. डोळे मिटून उभ्या असलेल्या माणसास घड्याळ पाहता येत नाही आणि ‘आता बसा’ असे कोणी मोठ्याने सांगितले तर मांडलेला सारा खेळ मोडतो. तेव्हा एक टप्पा संपून दुसरा सुरू झाल्याची वर्दी संगीतच देते. ती वर्दी देऊन झाली की ते रजा घेते. रजा कोठे घ्यावी हे ज्याने ठरविले तो माणूस आपल्या कामात जाणता होता, एवढे मी कोणासमोरही कबूल करीन.

मला येणाऱ्या फर्माइशींत मात्र रजेचा उल्लेख सहसा नसतो. ‘जागतिक’ संगीत हवे, म्हणजे तिबेटी वाटगे, जपानी बासरी, आफ्रिकी ढोल आणि तळाशी नर्मदेचे पाणी, अशी मागणी येते. यातले पाणी ही त्यातल्या त्यात सोपी बाब असेल असे कोणासही वाटेल. प्रत्यक्षात तीच सर्वांत अवघड निघाली. नदी, तिच्या भर पात्रात, जवळजवळ नि:शब्द वाहते. आवाज होतो तो तिला जेथे अडथळा होतो तेथे: घाटाच्या पायरीच्या कोपऱ्यावर, देवळाच्या जोत्याशी, आणि सर्वांहून मधुर म्हणजे ओळीने बांधून ठेवलेल्या नावांच्या तळफळ्यांखाली शिरून पुन्हा बाहेर पडताना. भेडाघाटच्या धुवाँधाराचे ध्वनिमुद्रण करून आणण्याचा आग्रह अनेकांनी धरला, आणि ते मी केलेही. परंतु तो विराट प्रपात, ज्याच्यासमोर उभे राहिले असता माणसाची वाचा बंद होते, तो यंत्रातून ऐकला की शेजारच्या स्वयंपाकघरात कोणी सतत भजी तळीत आहे असे वाटते. डोळ्यांनी पाहिलेले भव्यत्व कानांच्या हवाली करता येत नाही.

तेव्हा मुक्काम ग्वारीघाटावरच पडला. येथे कधी यावे याचा सल्ला मला एका वृद्ध नावाड्याने दिला. ‘बाबूजी, मैया तीन बजे के बाद बोलत हैं,’ असे तो म्हणाला, आणि ते अक्षरश: खरे होते, रात्री उशिराचे भाविक परतलेले असतात, पहाटेचे स्नानार्थी आलेले नसतात, आणि अडीच-तीन ते चार-साडेचार हा काय तो मोकळा अवधी हाती लागतो. त्यातही वरच्या अंगास १९९० साली पुरे झालेले बरगीचे धरण आहे. तेथून पाणी सुटले की पात्र एखाद-दोन पायऱ्यांनी चढते आणि काल ज्या कोपऱ्यावर सुंदर खळखळ ऐकू येत होती तो कोपरा आज पाण्याखाली मुका होऊन बसतो. नावाडी मला नावेच्या नाळेवर बसवी, मी माइकवर केसाळ टोपरे चढवून तो हातभर लांबीच्या काठीने फळीलगत धरी, आणि नावाडी स्वत: बिडी न पेटविता बसून राही. काडी ओढल्याचा आवाज यंत्रात तोफेसारखा येतो हे त्याने एकदा कानाला यंत्र लावून स्वत: ऐकले होते, त्यानंतर त्या कामी त्याला पुन्हा सांगावे लागले नाही.

पाण्यावर स्वर कोणता चढवावा हा पुढचा प्रश्न, आणि येथे आजीचा तंबोरा कामास आला. मिरजेच्या तंतुवाद्यांची कीर्ती महाराष्ट्रास नव्याने सांगावयास नको. पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतातील भोपळे मिरजेच्या कारागिरांकडे येतात, तेथे त्यांचे तंबोरे होतात, आणि २०२४ साली मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांस भौगोलिक मानांकनही मिळाले. माझ्या प्रयोजनाला महत्त्वाची होती ती त्या वाद्याची चाल. पंचम, जोडाच्या दोन तारा आणि खर्ज अशा चार तारा, जवारीच्या दोऱ्याने स्वर मोकळा करून, सावकाश छेडीत गेले असता एक फेरा सुमारे पाच सेकंदांत पुरा होतो. एका फेऱ्यात श्वास घ्यावा, दुसऱ्यात सोडावा, असे कोणी ठरवून केले नाही तरी तंबोऱ्याजवळ बसलेला माणूस थोड्या वेळाने तसेच करू लागतो. म्हणजे मिनिटाला सहा श्वास. ही गोष्ट मी प्रथम वादकाच्या पोटाकडे पाहून हेरली होती. पुढे वाचनात आले की, इटलीतील पाव्हिया येथील लुचानो बेर्नार्दी या वैद्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात, ख्रिस्ती जपमाळेची लॅटिन प्रार्थना म्हणणाऱ्यांचा आणि ‘ॐ मणि पद्मे हुम्’ हा मंत्र म्हणणाऱ्यांचा, दोघांचाही श्वास मिनिटाला सहाच्या आसपास उतरल्याचे मोजले होते. दोन धर्म, दोन भाषा, आणि फुप्फुसांचा हिशेब एक. आपल्याकडेही लोणावळ्याच्या कैवल्यधामात स्वामी कुवलयानंदांनी १९२० च्या दशकातच योगक्रियांचे परिणाम क्ष-किरण आणि रक्तदाबमापक घेऊन तपासावयास आरंभ केला होता. साधनेस मोजपट्टी लावणे म्हणजे पाखंड, असे मानणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे.

त्यानंतर ‘जागतिक’ या विशेषणाकडे मी निराळ्या दृष्टीने पाहू लागलो. जपानात फुके पंथाचे भिक्षू वेताची टोपली मस्तकावरून गळ्यापर्यंत ओढून शाकुहाची नावाची बांबूची बासरी वाजवीत फिरत. ते वादन लोकरंजनासाठी नव्हते, श्वासाची साधना म्हणून होते, आणि १८७१ साली सरकारने तो पंथच बरखास्त केला तरी त्या रचना टिकून राहिल्या. त्यांत एक स्वरवाक्य म्हणजे एक श्वास असा कायदा आहे. १९६४ साली टोनी स्कॉट या अमेरिकन क्लॅरिनेटवादकाने दोन जपानी वादकांना सोबत घेऊन झेन ध्यानासाठी म्हणून जी तबकडी मुद्रित केली, ती या धंद्याच्या आरंभीच्या वस्तूंपैकी एक होय, आणि तिच्यातही हाच कायदा ऐकू येतो. हे सारे मी दूरवरून मागवून ऐकत होतो, आणि इकडे संक्रांतीस आणि शिवरात्रीस बुंदेलखंडातून नर्मदास्नानास येणारे यात्रेकरू, माझ्या नाकासमोरून, लमटेरा गात घाट उतरत होते. एक स्त्री ओळ उचलते, शेवटचा स्वर श्वास संपेपर्यंत लांबविते, तो विरण्यापूर्वीच मागच्या रांगेतील दुसरी तो उचलून धरते, आणि थंडीत कुडकुडणारा तो सारा जथा, डोक्यावर गाठोडी आणि काखेत पोरे असूनही, त्या दीर्घ स्वराच्या चालीने चालू लागतो. ध्यानाचे संगीत म्हणून तो प्रकार कोणीही विकावयास काढलेला नाही. मी काढला, गिऱ्हाइकाने परत पाठविला, कारण त्यात एका मुलाचे खोकणे ऐकू येत होते. खोकणे मी काढून टाकले, आणि मग तो ‘फार ग्रामीण’ ठरला.

गिऱ्हाइकांच्या लहरींत सर्वांत चिवट लहर आकड्याची. ‘४३२ मध्ये हवे,’ असे एका गृहस्थाने मला बजावले. ४३२ या कंपनसंख्येत निसर्गाशी तादात्म्य आहे आणि प्रचलित ४४० मध्ये ते नाही, अशी एक समजूत जगभर पसरलेली आहे. ४४० हा आकडा १९३९ साली लंडनच्या एका परिषदेत निरनिराळ्या देशांच्या तज्ज्ञांनी सोयीसाठी मान्य केला, म्हणजे तो एक व्यावहारिक करार आहे, आकाशवाणी नव्हे, हे खरेच. परंतु करार मोडल्याने रोग बरे होतात याला काही आधार नाही. मी त्या गृहस्थांस विचारले की, कोणता स्वर ४३२ वर ठेवू? पाश्चात्त्यांचा तो आकडा त्यांच्या एका ठरीव स्वरापुरता असतो. आमचा षड्ज गाणाऱ्याच्या गळ्यागणिक बदलतो. बाईंची काळी चार, बुवांची काळी एक, आणि त्याच बुवांना पडसे झाले की त्याहूनही खाली. तंबोरा गळ्याला मिळवावयाचा असतो. शिवाय पहाटेच्या थंडीत घाटावर लावलेली तार उजाडता उजाडता हललेली असते, ती तुमच्या आकड्याला कोठून जुमानणार? गृहस्थ म्हणाले, ‘ते तुम्ही पाहा, वेष्टनावर ४३२ छापावे लागेल.’ वेष्टन छापणे माझ्या अखत्यारीत नव्हते. मी तंबोरा पांढरी दोनमध्ये लावला आणि त्यावर काही लिहून दिले नाही.

रुग्णांसाठी केलेल्या कामाविषयी लिहिताना लेखणी सांभाळून धरावी लागते. संगीताने व्याधी जाते असे मी कोठेही पाहिलेले नाही आणि कोणास तसे सांगितलेले नाही. वेदना असतानाही झोप लागणे, मलमपट्टी बदलताना मुठी कमी आवळल्या जाणे, रात्री परिचारिकेस कमी वेळा हाक मारणे, एवढे पाहिले आहे, आणि अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या लेखी हे थोडके नाही. गावातील एका उपचारकेंद्राच्या दीर्घकालीन रुग्णांच्या दालनात मी ध्वनियंत्रणा बसवून दिली होती. तेथे एक मराठी वृद्धा होत्या, निवृत्त शिक्षिका. आयुष्य नैनपूरकडच्या रेल्वे वसाहतींतून गेलेले, कंबरेचे हाड मोडून आलेल्या. पहिल्याच दिवशी मी मोठ्या भक्तिभावाने तिबेटी वाटग्यांचे मुद्रण लावले. काशाच्या त्या वाटग्यांवर लाकडी मुसळी फिरविली असता जो घुमारा उठतो तो मला स्वत:ला फार प्रिय आहे, आणि १९७२ च्या सुमारास वुल्फ व हेनिंग्ज या अमेरिकन जोडीची त्या वाटग्यांची तबकडी निघाली तेव्हापासून पश्चिमेतही त्याला भक्तमंडळी लाभली आहेत. बाईंनी पाच मिनिटे दम धरला आणि मला जवळ बोलाविले.

‘अहो, तुम्ही आपल्याकडचेच ना? मग त्या बाईला सांगा, भांडी उद्या घास म्हणावं.’

मी वाटगे बंद केले. दुसऱ्या दिवशी बासरी लावली. तिच्याने त्यांना रडू आले, आणि का ते त्यांनी सांगितले नाही, मीही विचारले नाही. तिसऱ्या खेपेस, त्यांची रेल्वेची पार्श्वभूमी कळल्यानंतर, माझ्या जुन्या दफ्तरातील एक मुद्रण काढले, जे मी टाकाऊ म्हणून बाजूस ठेवले होते: ग्वारीघाटची सायंकाळ, आरती आटोपून घंटा थंडावत आहेत, पोरे उरलेले दिवे स्वस्तात खपवीत आहेत, नावाडी भांडत आहेत, आणि त्या सर्वांमागून छोट्या गाडीची शीळ येऊन रुळांचा ठेका दूर दूर जात आहे. ध्यानसंगीताच्या कोणत्याही व्याख्येत हे बसत नाही. बाईंनी ते डोळे मिटून ऐकले आणि गाडी जाण्यापूर्वीच त्यांना झोप लागली. पुढे रोज संध्याकाळी त्या परिचारिकेस ‘आमची गाडी लावा’ म्हणून फर्मावीत. शेजारच्या खाटेवरील तरुणास मात्र त्या गलबल्याने डोके उठे, म्हणून त्याच्यासाठी कानात घालावयाच्या यंत्राची वेगळी तजवीज करावी लागली. एकाचे औषध दुसऱ्याचे अपथ्य हा नियम वैद्यकापुरताच नाही, इतके त्या दालनाने दाखवून दिले. आणि ‘सर्वांसाठी विश्रामदायी’ असे लेबल लावून विकल्या जाणाऱ्या मुद्रणांविषयी, ज्यांतली काही मीच केलेली आहेत, माझे मत त्यानंतर बरेच सावध झाले.

याच सुमारास त्या बेर्नार्दींचा दुसरा निबंध हाती आला, २००६ सालचा. निरनिराळ्या जातींचे संगीत, त्यांत आमचा रागही होता, ऐकवून त्यांनी श्रोत्यांचे श्वास, नाडी आणि रक्तदाब मोजले, तेव्हा संगीत कोणत्या जातीचे यापेक्षा त्याची लय द्रुत की विलंबित याचाच परिणाम अधिक आढळला. परंतु मला चटका लावून गेली ती गोष्ट निराळीच होती. मध्येच त्यांनी दोन मिनिटांचा खंड ठेविला होता, केवळ सोय म्हणून. आणि नाडी व रक्तदाब सर्वांत खाली उतरले ते त्या खंडात, संगीत सुरू होण्यापूर्वीच्या स्थितीहूनही खाली. म्हणजे संगीत आपले काम करून जाते ते मागे ठेविलेल्या रिकाम्या जागेत. आणि ती जागा नुसती आधीपासून रिकामी असून चालत नाही, तीत आधी काहीतरी वाजून गेलेले असावे लागते. पुण्याच्या त्या जर्मन वादकाचा चौथा टप्पा मला आता नीट उमगला. आमच्या मैफलींतही भैरवीनंतर लगेच कोणी उठत नसे. अलीकडे टाळ्यांनी ती सवय मोडली आहे.

तेव्हापासून तासाभराच्या प्रत्येक मुद्रणाच्या अखेरीस मी पाच मिनिटे मोकळी सोडू लागलो. ती सर्वस्वी निर्जीव ठेवता येत नाहीत. यंत्राने दिलेली नि:शब्दता कानाला बहिरेपणासारखी वाटते. म्हणून तेथे पहाटेच्या घाटाची नुसती हवा ठेवितो, जिच्यात ऐकू येण्याजोगे काही नाही, पण जागा उघडी आहे हे समजते. एका मोठ्या मागणीच्या वेळी याच पाच मिनिटांवरून व्यवहार अडला. खरेदीदार म्हणाले, पैसे तासाचे दिले आणि माल पंचावन्न मिनिटांचा आहे. मी म्हटले, शेवटच्या पाच मिनिटांचे वेगळे घेत नाही. बरीच मसलत होऊन माल गेला, आणि महिन्याभरात त्यांचे पत्र आले की, काही ग्राहकांनी मुद्रण शेवटी नादुरुस्त असल्याची तक्रार करून पैसे परत मागितले आहेत, तरी पुढील आवृत्तीत तेथे थोडी बासरी भरून द्यावी. बासरी भरण्यास मी नकार दिला. अखेर तडजोड अशी झाली की, वेष्टनाच्या पाठीमागे, किमतीच्या खाली, बारीक टाइपात एक ओळ छापावी. ती ओळ मीच लिहून दिली आणि आजही ती तशीच छापली जाते: ‘शेवटची पाच मिनिटे मुद्दाम मोकळी ठेवली आहेत, यंत्र बिघडलेले नाही.’